शुगर, कोलेस्टेरॉल आणि फॅटी लिव्हर: बरण्या बाजूला ठेवा, ताटापासून सुरुवात करा

आमच्या विक्रोळीच्या घरात फ्रिजवर एके काळी सात बरण्या होत्या. जांभळाच्या बियांची पूड, कारल्याची पूड, दालचिनी, मेथीदाणे, जवस, आवळ्याची पूड आणि शेजारच्या काकूंनी गावाहून आणलेली एक काळपट भुकटी. तिचं नाव काकूंनाही ठाऊक नव्हतं. माझं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) होतं ६.३, ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, २१२, आणि सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात साठलेली चरबी. सकाळी उपाशीपोटी तीन बरण्यांतलं काहीबाही गिळायचे आणि दुपारी फोर्टमधल्या ऑफिसात डबा उघडला की तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भाताचा वेगळा डबा. चार महिन्यांनी रिपोर्ट होता तिथेच होता.

‘फंक्शनल फूड’ ही कल्पना जपानची. तिथे १९९१ पासून अशा पदार्थांना सरकारी मान्यता देण्याची पद्धत आहे. अर्थ साधा: पोट भरण्यापलीकडे शरीरातल्या एखाद्या कामावर ज्याचा परिणाम मोजता येतो असं अन्न. तसे पदार्थ आपल्याकडे वाण्याच्या दुकानात गोणी भरून आहेत. चूक होते ती हिशेबात. आपण ते जेवणात वाढवतो. पोळ्या तितक्याच, भात तितकाच, वरून चमचाभर पूड. मला चार महिने आणि बरेच पैसे घालवून कळलं ते असं की हे पदार्थ ताटातलं काहीतरी काढून त्याच्या जागी बसवले तरच काम करतात. पुढे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे. चालू असलेली गोळी बंद करायचा हा लेख नाही. उलट तुमच्या औषधांमुळे कुठे जपायचं तेही यात आहे.

आधी रिपोर्ट आणि शिंप्याची टेप

रक्ताचा रिपोर्ट समोर घ्या आणि पाच आकडे एका कागदावर उतरवा. बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा. ट्रायग्लिसराईड १५० च्या आत. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या वर. रक्तदाब १३०/८५ च्या खाली. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत. पाचांपैकी तीन चुकले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह.

‘मी तर बारीक आहे’ असं म्हणून टेप बाजूला ठेवू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे अशी माणसं लोकलच्या प्रत्येक डब्यात दिसतात, ती याच जातकुळीतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीने भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे असा अंदाज दिला. उंबरठ्यावरचे जास्त आहेत, आणि ताट बदलून सगळ्यात जास्त फरक पडतो तो त्यांनाच.

पाच आकड्यांतले कुठले चुकलेत त्यावर पुढची दिशा ठरते. साखर आणि ट्रायग्लिसराईड वाढलेत, तर धान्य आणि गोडाला हात आखडता घ्यायचा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलंय, तर चिकट तंतू (फायबर) वाढवायचे, तेल आणि खोबरं आवरायचं. फॅटी लिव्हर असेल तर वजन: ७ ते १० टक्के उतरलं की यकृतातली चरबी आणि सूज कमी होते, ५ टक्क्यांनीही सुरुवात होते. दुसऱ्याची यादी उचलून आणण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर एक आठवडा खाल्लेलं सगळं लिहा. सगळं म्हणजे चहासकट. ऑफिसातल्या चार कटिंगमध्ये दीड-दीड चमचा साखर धरली तरी सहा चमचे झाले, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम. दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी, तर आमचा कोटा टपरीवरच संपत होता. गुळाचा चहा हा यावरचा उपाय नाही. गूळ ही बहुतांशी साखरच आहे, फक्त तिच्याकडे आपण जरा प्रेमाने बघतो.

धान्य: खरी लढाई इथे आहे

मराठी ताटाचा मोठा भाग पोळी आणि भात व्यापतात. म्हणून बदल इथूनच. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागतं, नीट थापलेल्या भाकरीला ५० ते ६०. म्हणजे दोन पोळ्या काढल्या तर एक भाकरी घ्यायची. ‘भाकरी चालते’ असं ऐकून लोक दोन भाकऱ्या आणि वर भात खातात आणि मग ज्वारीला नावं ठेवतात. ज्वारीही पीठच आहे. तिच्यात तंतू चांगले, शंभर ग्रॅममध्ये दहाच्या आसपास, पण त्यामुळे ती फुकट होत नाही.

ज्वारी आणून गिरणीत दळून घ्या, एका वेळी दीड किलोपेक्षा जास्त नको. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात पिठाला वास यायला दहा दिवसही लागत नाहीत. थापायची सवय नसेल तर आधणाच्या पाण्यात पीठ उकडून मळा आणि पोळीसारखी लाटा. ती जरा जाड होते, पण सकाळी साडेपाचला तेवढंच जमतं.

नाचणीबद्दल एक सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. नाचणीत तंतू आणि कॅल्शियम भरपूर, कॅल्शियम तर शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. पण बारीक पिठाची पातळ आंबील प्यायलात तर तीच नाचणी भराभर पचते आणि साखर चढवते. नाचणीची भाकरी खा, किंवा थालीपिठात घाला. धान्य जितकं बारीक दळलेलं आणि जितकं पातळ शिजवलेलं, तितकी साखर लवकर रक्तात. याच कारणाने नाश्त्याला तयार मसाला ओट्सपेक्षा जाडे ओट्स बरे.

आता जव. माझ्या मते मुंबईकरांनी सगळ्यात दुर्लक्षिलेलं धान्य हेच. याला सातूही म्हणतात, पण दुकानात ‘सातूचं पीठ’ मागितलंत तर बहुतेक वेळा भाजलेल्या गव्हाचं आणि डाळ्यांचं पीठ हातात येतं; पाकीट उलटून बघा. जव आणि ओट्स यांच्यात बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू असतो. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर एलडीएल उतरतं, याचे पुरावे इतके भक्कम की अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सला आणि २००६ मध्ये जवालाही तसं पाकिटावर छापायची परवानगी दिली. ३ ग्रॅमसाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. चमचाभर नव्हे, चांगली मोठी वाटी, आणि ती सकाळच्या पोह्यांच्या किंवा पावाच्या जागी.

जवाची खिचडी अशी: अर्धी वाटी पॉलिश केलेले जव रात्री भिजत घालायचे. सकाळी पाव वाटी मुगाची सालीची डाळ, दुधी किंवा फरसबी, आलं, मिरची, हळद, जिऱ्याची फोडणी, तीन वाट्या पाणी आणि कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. वरून लिंबू. दोघांना पुरते. भाताच्या खिचडीसारखी मऊ लुसलुशीत होत नाही, दाताखाली दाणा लागतो. तो लागायलाच हवा. गव्हाच्या पिठातही पाच किलोला एक किलो हरभरे आणि अर्धा किलो जव घालून दळता येतात. पोळी थोडी काळपट होते आणि मुलं तोंड वाकडं करतात, म्हणून सुरुवात अर्ध्या प्रमाणाने करा.

भात सोडा असं मी सांगणार नाही. कोकणातल्या माणसाला ते सांगणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं. एका वेळी एक वाटी शिजलेला भात, आणि ज्या जेवणात भात त्यात पोळी नाही. शक्य असेल तर उकडा तांदूळ. तो साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा सहसा सावकाश पचतो. भात शिजवून फ्रिजमध्ये गार केला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग न पचणारा होतो, त्यामुळे आदल्या रात्रीचा फोडणीचा भात तितकासा वाईट नाही. मात्र तो रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. मुंबईच्या उकाड्यात तसा भात म्हणजे पोटाच्या आजाराला आमंत्रण. तासाभरात फ्रिजमध्ये, आणि खाताना चांगला वाफवून.

कच्च्या फणसाचं उदाहरण मला फार आवडतं. आंध्रातल्या श्रीकाकुळममध्ये ४० मधुमेहींवर १२ आठवडे प्रयोग झाला, २०२१ मध्ये तो छापून आला. रोज ३० ग्रॅम कच्च्या फणसाचं पीठ, आणि तेवढंच तांदळाचं किंवा गव्हाचं पीठ जेवणातून कमी. एचबीए१सी उतरलं. फणसाची करामत किती आणि कमी झालेल्या भाताची किती हे कुणी वेगळं काढत बसो, घरात करायचं ते तेवढंच. चैत्र-वैशाखात बाजारात कुयरी, म्हणजे कोवळा फणस, येते तेव्हा तिची भाजी भाताच्या जागी वाढा, भाताबरोबर नव्हे.

कडधान्यं: वाटी मोठी करा

डाळ-आमटी आपण रोज खातो, पण ती बहुधा भात भिजवण्यापुरती असते. दोन्ही जेवणांत घट्ट उसळीची एक मोठी वाटी हवी. मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरे, वाल, कुळीथ. यांच्यातले तंतू आणि प्रथिनं पचन सावकाश करतात, आणि दुपारी उसळ खाल्ली तर रात्रीच्या जेवणानंतरची साखरही थोडी कमी चढते. ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे कुठल्या पदार्थाने साखर किती चढते ते सांगणाऱ्या आकड्याची, कल्पना टोरांटोच्या डॉ. डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ मध्ये मांडली. त्यांच्याच गटाने हा दुसऱ्या जेवणावरचा परिणामही दाखवला.

माझं वेळापत्रक असं: शनिवारी रात्री दोन कडधान्यं भिजत, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधलेली. उन्हाळ्यात सोमवारी पहाटे मोड तयार. पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की मोडांना बुळबुळीत वास येतो. तेव्हा फडक्याऐवजी चाळणीत पसरून ठेवा आणि दिवसातून दोनदा धुवा. शिजवून दोन डब्यांत भागून ठेवलं की आठवड्याचे चार दिवस निघतात. कुळथाचं पिठलं दहा मिनिटांत होतं, ते थकलेल्या दिवसासाठी राखून ठेवा. वालाचं बिरडं करताना सालं जातात आणि त्यांच्याबरोबर तंतूही, पण बिरड्याच्या बाबतीत मी हा हिशेब करत नाही.

युरिक ॲसिड वाढलंय म्हणून डाळी आणि पालक बंद केलेले बरेच लोक मला भेटतात. २००४ मध्ये अमेरिकेत हजारो पुरुषांच्या १२ वर्षांच्या पाहणीत गाऊटचा (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा) धोका मटण आणि मासळीने वाढलेला दिसला, डाळी-भाज्यांनी नाही. बिअर आणि गोड सरबतंही युरिक ॲसिड वाढवतात. डाळीला उगाच शिक्षा होते.

भाजी: अर्धं ताट आणि पहिला घास

२००३ मध्ये जेनकिन्स यांच्या गटाने ४६ जणांवर महिनाभर एक प्रयोग केला. एका गटाला ओट्स, जव, इसबगोल, सोयाबीन, बदाम, वनस्पती स्टेरॉल घातलेलं मार्गरिन, आणि भाज्यांत भेंडी आणि वांगं. एलडीएल २८.६ टक्क्यांनी उतरलं. कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्या गटात ते ३०.९ टक्क्यांनी उतरलं. अर्थात त्या लोकांना सगळं जेवण मोजून-मापून हातात मिळत होतं, घरी इतकी घट जमत नाही. तरी ज्या भेंडीच्या चिकटपणावर आपण आमसूल घालून मात करतो, तोच चिकटपणा कामाचा, हे वाचून मला हसू आलं. भेंडी परतताना चिकटपणा घालवण्यासाठी तेल ओतत बसू नका. ताकातली भेंडी करा.

दादर स्टेशनबाहेर पावसाळ्यात पालघर, शहापूर, कर्जतकडच्या आदिवासी बायका टाकळा, फोडशी, भारंगी, शेवळं घेऊन बसतात. त्या आठवड्यांत मी मंडईत जातच नाही. शेवळं घेतलीत तर सोबत काकडंही (लहान आंबट फळं) मागून घ्या, नाहीतर घसा खाजतो. एरवी वर्षभर मेथी, चवळी, माठ, अंबाडी, शेवग्याचा पाला, अळू. ताट वाढल्यावर भाजी कोपऱ्यात थोडीशीच दिसत असेल तर अजून अर्धं ताट भाजीचं झालेलं नाही.

खाण्याचा क्रमही बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, शेवटी भाकरी किंवा भात. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली केवळ ११ जणांवर झालेल्या छोट्या अभ्यासात याच क्रमाने तेच जेवण खाल्ल्यावर साखर बरीच कमी चढली. अभ्यास लहान आहे खरा, पण याला पैसे पडत नाहीत. ऑफिसात मी डब्याचा भाजीचा कप्पा आधी संपवते. पहिले काही दिवस सहकारी बघत होते, आता तिघीजणी तशाच जेवतात. जेवून झाल्यावर दहा मिनिटं चाला, फोर्टात तर सावलीही आहे.

तीन पदार्थ जे खरोखर मोजून घ्यावेत

मेथीदाणे. त्यांचा तंतू पाण्यात फुगतो आणि साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० च्या प्रयोगात मधुमेहींना दिवसाला १०० ग्रॅम, तेल काढलेली मेथीपूड जेवणातून दिली होती. आपण भिजवतो चमचाभर, म्हणजे ४-५ ग्रॅम. त्यातही पुष्कळ जण नुसतं पाणी पितात आणि दाणे टाकून देतात, म्हणजे तंतू गेला केराच्या टोपलीत. दाणे चावून खा, किंवा मोड आणून उसळीत घाला. दोन चमच्यांपर्यंत हळूहळू वाढवता येते. त्यापुढे पोट बिघडतं आणि घामाला मेथीचा वास येतो, जो संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये लपत नाही.

इसबगोल. एका मोठ्या चमच्यात सुमारे ५ ग्रॅम. दिवसाला १० ग्रॅम, दोन वेळा विभागून, जेवणाच्या जरा आधी घेतलं तर एलडीएल थोडं उतरतं आणि जेवणानंतरची साखरही. मोठा ग्लासभर पाणी हवंच. कोरडं गिळलं तर घशात किंवा आतड्यात अडकतं.

जवस. वनस्पतींतलं ओमेगा-३ आणि तंतू. अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून भाजून भरडच हवेत. रोज एक मोठा चमचा चटणी, भाकरीबरोबर शेंगदाण्याच्या चटणीच्या जागी. दर आठवड्याला ताजी करा, कारण जवसाचं तेल लवकर खवट होतं.

बाकीच्या बरण्यांची झडती

कारलं: २०१२ मध्ये सगळे चांगले प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा मधुमेहासाठी पुरेसा पुरावा नाही असाच निष्कर्ष निघाला. भाजी म्हणून उत्तम, रस म्हणून माझा विरोध. जांभूळ फळ म्हणून खा, बियांच्या पुडीवर विसंबू नका.

दालचिनी: बाजारात मिळणारी जाड, कडक साल म्हणजे कॅशिया. तिच्यात कूमरिन असतं, रोज चमचा-चमचा घेतल्यास यकृताला त्रास होऊ शकतो. पुलावात एक तुकडा, इतपत ठीक.

हळद: तिच्यात कर्क्युमिन तीनेक टक्के, आणि तेही शरीरात जेमतेम शोषलं जातं. बंगळुरूच्या १९९८ च्या प्रयोगात मिरीतल्या पायपरिनने ते वीस पटीने वाढलेलं दिसलं. स्वयंपाकात हळद-मिरी आहेच. कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

कोकम: आमसुलाचं सार, बिनसाखरेची सोलकढी मजेत प्या. मात्र एलडीएल वाढलेलं असेल तर नारळाचं दूध आठवड्यातून एखाद्या वेळी. खोबऱ्यातला स्निग्धांश लोण्यासारखाच घट्ट जातीचा. कोकमाच्याच जातीतल्या गार्सिनियाच्या ‘वजन उतरवणाऱ्या’ गोळ्यांनी काही जणांचं यकृत बिघडलंय, त्या टाळा.

गुळवेल: २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृतदाह झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद वादाच्या जागी, पण फॅटी लिव्हर असताना मी तो धोका पत्करणार नाही.

दुधीचा रस: एक घोट चाखून कडू लागला तर तिथेच ओतून द्या. कडू दुधीतल्या कुकरबिटासिनने माणसं दगावली आहेत, आणि त्यात कारल्याचा रस मिसळला की कडूपणा ओळखूच येत नाही. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नका असंच बजावलं आहे.

कॉफीचा मात्र आश्चर्याने उल्लेख करते. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा कडकपणा कमी आढळतो. आमच्या घरात चहाच्या धर्मात ही फूट अजून मिटलेली नाही.

औषधं चालू असतील तर

ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड अशा गोळ्या असतील तर. भात कमी झाला आणि गोळी तीच राहिली की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तेव्हा गूळ-साखर वाद घालायचा नाही.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं. वर्षातून एकदा तपासा. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत. मेथीचं पाणी, इसबगोल, सोयाबीन यांच्यात आणि तिच्यात चार तासांचं अंतर. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नका, रोज सारखं ठेवा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पालेभाज्या, शहाळं, डाळी यांचं प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं, आणि ‘लो सोडियम’ मीठ तर मुळीच स्वतःहून आणू नये, त्यात पोटॅशियम असतं. गरोदर बाईने मेथी-कारल्याचे मोठे डोस टाळावेत.

तंतू आठवड्या-आठवड्याने वाढवा. मी पहिल्याच सोमवारी जव, मटकी आणि इसबगोल एकदम सुरू केलं होतं. त्या दिवसाबद्दल अधिक लिहीत नाही.

ग्लुकोमीटर: स्वतःच्या ताटाची परीक्षा

एकच जेवण दोन माणसांत वेगळं वागतं. म्हणून एक पदार्थ निवडा, समजा पोहे. जेवणाआधी एकदा टोचा, पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेवढेच पोहे, पण अर्धे पोहे काढून त्या जागी मटकीची उसळ. दोन्ही वेळी आधीची झोप आणि चालणं साधारण सारखं हवं. फरक वहीत लिहा. चार पट्ट्यांत तुम्हाला जे कळतं ते कुठल्याही यादीत नसतं. माझ्यात इडलीने साखर पोळीपेक्षा जास्त चढते, नवऱ्यात उलट. पट्ट्या महाग आहेत, त्यामुळे रोज नको. ज्या पदार्थावाचून करमत नाही तेवढेच तपासा.

घराबाहेर आणि उपवासाला

स्टेशनवर भूक लागली तर फुटाणे, शेंगदाणे, उकडलेले चणे-कांदा-लिंबू. पर्समध्ये मूठभर बदाम-शेंगदाण्याची डबी असली की वडापावाच्या गाडीवरून निम्म्या वेळा तरी पुढे जाता येतं. निम्म्या वेळा, हे प्रामाणिकपणे सांगते. मिसळ घेतलीत तर उसळ जास्त, फरसाण कमी, पाव एक. ‘मल्टिग्रेन’, ‘डायबेटिक’ अशी पाकिटं उलटून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, पहिलाच शब्द मैदा असेल तर पुढचं वाचू नका.

उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. संकष्टीला साबुदाणा खिचडीच्या जागी थोडी वरी आणि भरपूर दाण्याची आमटी, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, राजगिऱ्याची भाकरी. आमच्या सासूबाईंनी दोन महिने नाक मुरडलं. मग एका एकादशीला त्यांनीच विचारलं, आज ती काकडी नाही का केलीस.

पुन्हा तपासणी

एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत ते करू नका. कोलेस्टेरॉल सहा ते बारा आठवड्यांत हललेलं दिसतं, ट्रायग्लिसराईड त्याहून लवकर. रिपोर्ट हलला नसेल तर आठवडाभराची ती वही पुन्हा लिहा. नवीन पदार्थ आले पण जुने गेले का, एवढंच शोधायचं. आठ महिन्यांनी माझं एचबीए१सी ५.८ वर आलं, ट्रायग्लिसराईड १४८, वजन साडेपाच किलोने कमी. त्यात रोजच्या चालण्याचा वाटा मोठा होता. सोनोग्राफी मला लगेच पुन्हा करायची होती. डॉक्टर म्हणाले, ‘आणखी सहा महिने थांबा.’ ते पैसे मी जव आणि गिरणीत घातले.